सेन्गाई ह्यांचे 'वर्तुळ-त्रिकोण-चौकोन' : प्रतीकाच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न

१

टोकिओ येथील इदेमित्सु कलासंग्रहालयाच्या संग्रहात कागदावर शाईने काढलेले एक लहानसे चित्र आहे. त्याची उंची सुमारे २८ सेंटिमीटर व रुंदी सुमारे ४८ सेंटिमीटर. उजवीकडे वर्तुळ, मध्ये त्रिकोण, डावीकडे चौकोन आणि अगदी डाव्या कडेला उभ्या ओळीत थोडी अक्षरे, एवढेच त्यात आहे. रंग नाही, पार्श्वभूमी नाही, मनुष्य वा निसर्ग ह्यांचा मागमूस नाही. चित्रकाराचे नाव सेन्गाई गिबोन (१७५०–१८३७). ते जपानमधील रिन्झाई झेन पंथाचे भिक्षू होते.

इतक्या थोड्या सामग्रीच्या चित्राविषयी इतके परस्परविरोधी अर्थ सांगितले गेल्याचे उदाहरण विरळा. कोणी त्यात विश्वोत्पत्ती पाहिली, कोणी महाभूते, कोणी जपानमधील बौद्ध संप्रदाय, कोणी बौद्ध, कन्फ्यूशियन व शिंतो ही तीन मते, तर कोणी विसाव्या शतकातील अमूर्त चित्रकलेचे पूर्वचिन्ह. ह्यांपैकी प्रत्येक अर्थ ऐकताक्षणी पटण्याजोगा वाटतो, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. जे चित्र कोणत्याही अर्थाला विरोध करीत नाही, त्याच्या बाबतीत अर्थ बरोबर की चूक हा प्रश्न तरी कशाच्या आधारे विचारावयाचा? प्रस्तुत लेखात ह्या पद्धतिविषयक प्रश्नाचा विचार केला आहे. सेन्गाई ह्यांचे चित्र हे त्या प्रश्नाचे सर्वांत निखळ उदाहरण होय.

हा प्रश्न भारतीय शब्दविचाराला अपरिचित नाही. एकाच शब्दाचे अनेक अर्थ संभवत असता विवक्षित अर्थ कसा ठरवावा, ह्यासाठी भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त संयोग, विप्रयोग, साहचर्य, प्रकरण, लिंग, सामर्थ्य, औचित्य, देश, काल इत्यादी नियामके सांगितली आणि मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त ती स्वीकारली. 'हरी' ह्या शब्दाचे अर्थ अनेक. परंतु शंख आणि चक्र ह्यांसह तो आला की विष्णू हाच अर्थ उरतो. 'राम' म्हणजे परशुराम, बलराम की दाशरथी, हे शेजारी लक्ष्मण आला की निराळे सांगावे लागत नाही. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन ही अशीच अनेकार्थ चिन्हे आहेत. तेव्हा त्यांच्या अर्थांची यादी वाढवीत जाण्यापेक्षा, ह्या विशिष्ट कागदावर त्या अर्थांचे नियमन करणारे काय आहे, हे आधी पाहणे युक्त ठरेल. ही कसोटी झेन परंपरेतील नव्हे, आणि भर्तृहरीचा सेन्गाई ह्यांच्याशी काही ऐतिहासिक संबंध सुचविण्याचाही हेतू नाही. ती केवळ विचाराचे साधन म्हणून येथे घेतली आहे.

२

नियामकांपैकी पहिले म्हणजे चित्रावरील अक्षरे. सेन्गाई ह्यांच्या बहुतेक चित्रांवर त्यांनी स्वतःच काही मजकूर लिहिलेला असतो : कधी उपदेश, कधी विनोद, कधी लोकगीताचा तुकडा. चित्र आणि लेख मिळून त्यांची कृती पुरी होते. ह्या चित्रावर मात्र आकृत्यांचे स्पष्टीकरण करणारा एकही शब्द नाही, शीर्षकही नाही. जी अक्षरे आहेत ती केवळ सहीची. त्यांत चित्रकाराच्या नावाआधी त्याच्या मठाचे बिरुद येते. 'जपानमधील आद्य झेन गुहा', असा त्या बिरुदाचा अर्थ.

हा मठ म्हणजे क्यूशू बेटावरील हाकाता येथील शोफुकुजी. हाकाता हा आजच्या फुकुओका नगराचा भाग. एइसाई (११४१–१२१५) ह्या भिक्षूने चीनमधून रिन्झाई परंपरा आणल्यावर ११९५ मध्ये हा मठ स्थापिला, आणि गो-तोबा ह्या सम्राटाकडून त्याला हे बिरुद लाभले अशी परंपरा आहे. सेन्गाई मूळचे मिनो प्रांतातील शेतकरी कुटुंबातले. बालपणीच त्यांनी दीक्षा घेतली, पुढे गेस्सेन झेन्ने ह्या गुरूपाशी दीर्घ साधना केली आणि १७८९ मध्ये ते शोफुकुजीचे मठाधिपती झाले. १८११ मध्ये त्या पदावरून निवृत्त झाल्यावर त्यांच्या चित्रलेखनाला खरा बहर आला. चित्रे मागणाऱ्यांची रीघ इतकी लागली की वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, १८३२ मध्ये, आपण कुंचला ठेवल्याचे त्यांनी शिळेवर कोरून जाहीर केले. तरीही त्यानंतर ते चित्रे काढीतच राहिले.

ह्या सहीवरून निष्कर्ष काढताना दोन्ही बाजूंनी सावध राहावे लागते. तिच्यात आकृत्यांचा अर्थ नाही, हे उघड आहे. परंतु ती निरर्थकही नाही. एखादा भिक्षू आपल्या नावाआधी मठाचे सर्वांत मोठे बिरुद घालतो तेव्हा तो एका परंपरेच्या आसनावरून बोलत असतो. वक्ता कोण आणि स्थान कोणते, ही दोन नियामके सहीने दिली. विषय कोणता, हे मात्र दिले नाही.

दुसरे नियामक म्हणजे कुंचल्याची व शाईची साक्ष. तिन्ही आकृत्या एकमेकींपासून सुट्या नाहीत. वर्तुळाची कड त्रिकोणाला भिडते, त्रिकोणाची चौकोनाला, आणि जेथे त्या भिडतात तेथे रेषा एकमेकींवर चढल्या आहेत. वर्तुळाची शाई गडद आहे आणि चौकोनाची फिकट. रेषा मोजूनमापून काढलेल्या नाहीत. चौकोनाचे कोन काटेकोर नाहीत, वर्तुळही कर्काट्याचे नव्हे. भूमितीच्या पुस्तकातील आकृतीशी ह्यांचे साम्य नावापुरतेच आहे.

जपानी लेखन उजवीकडून डावीकडे जाते. सहीही डाव्या टोकाला आहे. तेव्हा वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि शेवटी सही असा वाचनक्रम स्वाभाविक ठरतो. गडद शाई क्रमाने ओसरत गेली, असेही त्यासोबत म्हणता येते. परंतु शाईने चित्र काढणारे पुष्कळदा आधी फिकट शाई लावून मग गडद शाईकडे वळतात. तसे मानले तर क्रम उलटा होतो. चौकोन आधी आणि वर्तुळ शेवटी, म्हणजे आकाराच्या बंधनाकडून पूर्णतेकडे, असा प्रवास त्यातून दिसू लागतो. एकाच शाईवरून दोन विरुद्ध कथा रचता येतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. क्रमाविषयी दोन पक्ष संभवतात. परंतु आकृत्या परस्परांत गुंतलेल्या आहेत ह्याविषयी एकच.

३

आता प्रमुख अर्थांची ह्या दोन नियामकांवर परीक्षा करता येईल.

सर्वांत प्रसिद्ध अर्थ दाईसेत्सु सुझुकी (१८७०–१९६६) ह्यांचा. त्यांचा सेन्गाईविषयक ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये प्रकाशित झाला. ह्या चित्राला त्यांनी 'विश्व' असे नाव दिले. त्यांच्या मते वर्तुळ म्हणजे अनंत, सर्व अस्तित्वाचा निराकार आधार. त्यातून प्रथम आकार संभवतो तो त्रिकोण. त्रिकोण दुप्पट झाला की चौकोन होतो, आणि हेच द्विगुणन अखंड चालू राहिले की पदार्थांची अगणितता, म्हणजेच विश्व, प्रकट होते.

ह्या विवरणाचे बळ असे की ते तीन आकृत्यांना संबंधात पाहते. एकीतून दुसरी निघते असे म्हणणे हे एकमेकींवर चढलेल्या रेषांना न्याय देणारे आहे. परंतु त्याची दुर्बळ बाजूही त्याच ठिकाणी आहे. कर्णरेषेवर चौकोन दुभागला असता जो त्रिकोण मिळतो, तसा त्रिकोण सेन्गाई ह्यांनी काढलेला नाही. त्यांचा त्रिकोण पायावर बसलेला व मध्यावर शिखर असलेला आहे. असे दोन त्रिकोण जोडून समांतरभुज चौकोन मिळेल, परंतु समोर आहे तो चौकोन मिळणार नाही. सुझुकी भूमिती शिकवीत नव्हते, असे ह्यावर कोणी म्हणेल, आणि ते योग्यच आहे. तथापि, त्यांच्या विवरणातील द्विगुणनाची पायरी चित्रातून आलेली नसून विचारातून आलेली आहे, एवढे तरी ह्यावरून सिद्ध होते.

दुसऱ्या एका मताप्रमाणे ह्या तीन आकृत्या म्हणजे झेन, शिंगोन व तेन्दाई हे तीन संप्रदाय होत. ह्या मताला सहीचा आधार देता येतो. सहीत ज्या मठाचे बिरुद आहे त्याचा संस्थापक एइसाई हा मूळचा तेन्दाई भिक्षू होता, गूढ तंत्रमार्गाचाही त्याचा अभ्यास होता, आणि क्योतो येथे १२०२ मध्ये त्याने स्थापिलेल्या केन्निन्जी मठात तिन्ही परंपरांना स्थान होते. प्रकरण, देश व वक्ता ह्या तिन्ही दृष्टींनी हे मत सुझुकींच्या मतापेक्षा अधिक जवळचे आहे. परंतु कोणती आकृती कोणत्या संप्रदायाची, ह्याला चित्रात कोणतेही लिंग नाही. शिवाय ज्या बिरुदावर सारी भिस्त, ते केवळ झेनच्या अग्रत्वाचा उच्चार करते. अन्य दोन संप्रदायांचा त्यात निर्देश नाही. तीन मतांच्या, म्हणजे बौद्ध, कन्फ्यूशियन व शिंतो ह्यांच्या समन्वयाचा अर्थ तर ह्याहून दूरचा. त्याला तीन ह्या संख्येपलीकडे आधार सापडत नाही, आणि केवळ संख्येवरून अर्थ ठरू लागला तर त्रिगुण, त्रिलोक आणि त्रिकाल ह्यांनाही प्रवेश नाकारता येणार नाही.

आधुनिक प्रेक्षकाला ह्या चित्रात अमूर्त कलेचा पूर्वज दिसतो, त्याचे कारण निराळे आहे. जर्मनीतील बाऊहाऊस ह्या कलाशाळेत कान्दिन्स्की ह्यांनी १९२३ मध्ये एक प्रश्नावली फिरवली होती. त्रिकोण, चौकोन व वर्तुळ ह्यांना पिवळा, तांबडा व निळा ह्यांपैकी कोणता रंग अनुरूप, असा तिचा विषय होता. त्रिकोण पिवळा, चौकोन तांबडा व वर्तुळ निळे अशी त्यांची स्वतःची धारणा होती. ह्या तीन आकृत्या एका शतकाच्या अंतराने पुन्हा एकत्र आल्या खऱ्या, परंतु कान्दिन्स्कींना त्या दृष्टीच्या मूलघटकांची वर्णमाला म्हणून हव्या होत्या, म्हणून त्यांच्याकडे त्या सुट्या आहेत. सेन्गाई ह्यांच्या कागदावर त्या जोडलेल्या आहेत. आकृती सारखी असल्याने अर्थ सारखा ठरत नाही, हे ह्या तुलनेतून अधिक स्पष्ट होते.

४

भारतीय वाचकाने सर्वांत अधिक सावध राहावे असा अर्थ मात्र महाभूतांचा आहे, कारण तो त्याला घरचा वाटतो. झेन हा शब्दच मुळी संस्कृत 'ध्यान' शब्दाचे चिनी मार्गाने झालेले रूप. शिंगोन ह्या नावाचा अर्थ 'सत्य वचन', म्हणजेच मंत्र. जपानी स्मशानांतून व मंदिरांतून आढळणारा 'गोरिन्तो' हा पाच अंगांचा दगडी स्तूप तर पंचमहाभूतांची मूर्तीच आहे. तळाशी चौकोनी पृथ्वी, तिच्यावर गोल आप, त्यावर त्रिकोणी तेज, नंतर अर्धगोल वायू आणि शिखरावर रत्नाकार आकाश. त्या अंगांवर सिद्धम् लिपीत अ, व, र, ह, ख ही बीजाक्षरे कोरलेली असतात. जपानमध्ये वाढलेल्या भिक्षूला ह्या आकृत्या परिचित होत्या ह्यात शंका नाही. मग सेन्गाई ह्यांचे चौकोन, वर्तुळ व त्रिकोण म्हणजे पृथ्वी, आप व तेज, असे म्हणण्यास कोणता प्रत्यवाय?

प्रत्यवाय तीन आहेत. पहिला असा की भूते पाच असता चित्रात तीनच का, ह्याचे उत्तर मिळत नाही. दुसरा क्रमाविषयीचा. स्तूपात पृथ्वी, आप, तेज म्हणजे चौकोन, वर्तुळ, त्रिकोण असा क्रम आहे. चित्रात त्रिकोण मध्ये आहे. उजवीकडून वाचले काय किंवा डावीकडून वाचले काय, स्तूपाचा क्रम जुळत नाही. वर्तुळ मध्ये असते तरच तो जुळला असता.

तिसरा प्रत्यवाय अधिक मूलगामी आहे. ज्या कोशाच्या आधारे हा अर्थ लावावयाचा, तो कोश एक नाही. पूर्णानंदाच्या 'षट्चक्रनिरूपण' (१५७७) ह्या ग्रंथातून रूढ झालेल्या योगतांत्रिक परंपरेत पृथ्वी चौकोनी व तेज त्रिकोणी हे जुळते. परंतु आप अर्धचंद्राकार, वायू षट्कोणी आणि वर्तुळ हे आकाशाचे. त्या परंपरेतील बीजे लं, वं, रं, यं, हं अशी आहेत. म्हणजे आप व तेज ह्यांची बीजे दोन्हीकडे समान, इतर भिन्न. 'ह' हे अक्षर एकीकडे आकाशाचे तर दुसरीकडे वायूचे. सेन्गाई ह्यांचे वर्तुळ पाहून भारतीय वाचक 'आकाश' म्हणेल आणि शिंगोन परंपरेतील वाचक 'आप' म्हणेल. दोघेही आपापल्या परंपरेला प्रामाणिक असतील, आणि चित्राविषयी दोघांनीही अद्याप काहीच सांगितलेले नसेल.

संपन्न परंपरेचा वारस असण्यात हा एक धोका असतो. त्याच्यापाशी प्रतीकांचा साठा इतका मोठा असतो की परक्या चिन्हाला उत्तर शोधण्याचे श्रम त्याला पडत नाहीत; ते तयारच असते. मग अर्थ लावणे आणि अर्थ लादणे ह्यांतील अंतर नाहीसे होते. 'हे मूळचे आपलेच' असे म्हटल्याने आपलेपणा वाढल्यासारखा वाटतो, परंतु त्याबरोबर ती वस्तू पाहण्याचे कारण संपते. चित्राच्या अभ्यासात ह्याहून मोठी हानी संभवत नाही.

५

मग सर्व अर्थ फेटाळून केवळ तीन आकृत्या शिल्लक ठेवाव्यात काय? तसे केल्यास तिसऱ्या नियामकाची, म्हणजे चित्रकाराच्या स्वभावाची व अभ्यासाची, उपेक्षा होईल.

सेन्गाई ह्यांनी वर्तुळ अन्यत्रही काढले आहे. झेन परंपरेत एका फटकाऱ्यात काढलेले वर्तुळ, ज्याला 'एन्सो' म्हणतात, ते बोधाचे व पूर्णतेचे चिन्ह मानले जाते. सेन्गाई ह्यांनी अशा एका वर्तुळाशेजारी जे लिहिले त्याचा आशय असा की हे खाऊन टाकावे आणि वर चहा घ्यावा. परमार्थाचे चिन्ह एका ओळीत चहासोबतचा गोड पदार्थ झाले. ध्यानस्थ बसलेल्या बेडकाचे त्यांचे चित्र असेच आहे : केवळ बैठक मारून बुद्ध होता येत असेल तर बेडूक केव्हाच बुद्ध झाला असता, असा त्यातील उपहास. लोकांच्या चित्रांना नियम असतात, आपल्या चित्रांना ते नाहीत, अशा आशयाचे वचनही त्यांनी लिहून ठेवले आहे.

ह्याहून बोधक म्हणजे चंद्राकडे बोट दाखविणाऱ्या होतेईचे चित्र. होतेई म्हणजे लोककथांतील तुंदिलतनू, हसरा भिक्षू. तो आणि त्याच्याजवळचे मूल वर पाहत आहेत, बोट उंचावलेले आहे, आणि कागदावर चंद्र नाही. बोटालाच चंद्र समजू नये, हा बौद्ध परंपरेतील जुना दृष्टांत सेन्गाई ह्यांनी चंद्र गाळून अधिकच तीव्र केला. इदेमित्सु संग्रहालयाचे संस्थापक साझो इदेमित्सु (१८८५–१९८१) ह्यांनी तरुणपणी सेन्गाई ह्यांचे पहिले चित्र घेतले ते हेच. त्यातून वाढत गेलेला सेन्गाई-संग्रह पुढे सुमारे एक हजार कृतींचा झाला आणि १९६६ मध्ये उघडलेल्या संग्रहालयाचा तो एक आधारस्तंभ ठरला.

ह्या उदाहरणांवरून चित्रकाराची एक रीत निश्चित होते. तो चिन्ह नाकारीत नाही; ते उचलतो, आणि पाहणाऱ्याने त्यावर हक्क सांगण्यापूर्वीच त्याला हलवून सोडतो. इतर चित्रांत हे हलविण्याचे काम शब्द करतात. वर्तुळ-त्रिकोण-चौकोनात शब्द नाहीत. तेथे तेच काम शब्दांचा अभाव करतो. ज्याच्याकडून स्पष्टीकरणाची सवय लागलेली आहे, त्याने सही करून गप्प बसावे, ह्या गप्प बसण्याला त्याच्या इतर चित्रांच्या पार्श्वभूमीवरच वजन येते. जो चित्रकार कधीच लिहीत नाही, त्याच्या न लिहिण्याविषयी असे म्हणता आले नसते.

येथे मम्मटाने केलेला एक भेद उपयोगी पडतो. संयोगादी नियामकांनी अनेकार्थ शब्दाचा वाच्यार्थ एकदा मर्यादित झाला, आणि तरीही दुसरा अर्थ भासत राहिला, तर तो अभिधेचा व्यापार नसून व्यंजनेचा होय. चित्रावर तंतोतंत हे लागू करता येणार नाही, परंतु त्यातील शिस्त घेता येते. वर्तुळ-त्रिकोण-चौकोनाचा वाच्य भाग इतकाच : आद्य झेन मठाच्या आसनावरून, एका हाताने, एकमेकांत गुंतलेले तीन मूलाकार काढून त्यांखाली सही केली. ह्यापलीकडचे सर्व व्यंग्य आहे. सुझुकींचे 'विश्व' ह्या व्यंग्यात सामावते, कारण ते आकृत्यांच्या गुंतण्याला धरून आहे. संप्रदायांचा अर्थ सहीला धरून आहे, म्हणून तोही दूरान्वयाने सामावतो. भूतांचा अर्थ क्रमाशी विसंगत असल्याने फार तर अस्फुट संस्कार म्हणून राहतो. व्यंग्य अर्थांत अशी तरतमता ठरविता येते, आणि ती ठरविणे हेच समीक्षेचे काम होय. सर्व अर्थ समान, असे म्हणणे औदार्याचे दिसले तरी ते ह्या कामातून सुटका करून घेणे आहे.

दोष आहे तो व्यंग्याला वाच्य करण्यात, आणि तो दोष बहुतेक वेळा ग्रंथापेक्षा नामफलकाकडून घडतो. चित्रकाराने न दिलेले नाव एकदा चित्राखाली छापले गेले की ते चित्राचाच भाग होऊन बसते. 'विश्व' हे नाव वाचून चित्राकडे वळणारा प्रेक्षक विश्वच पाहतो, आणि आपण ते चित्रात पाहिले असे समजतो. जपानी भाषेत ह्या चित्राचा निर्देश केवळ तीन आकृत्यांच्या नावांनी करण्याची पद्धत आहे. तिच्यात अर्थ कमी आहे, परंतु सत्य अधिक आहे. भाषांतरित नावाने चित्र ओळखणाऱ्या अभ्यासकाने ते नाव प्रथम बाजूला काढून, सही, शाई व रेषांच्या भेटीची स्थाने ह्यांकडे जावे आणि मग सुझुकींकडे परत यावे. त्या क्रमाने गेल्यास सुझुकींचे विवरणही अधिक मोलाचे वाटते, कारण ते तेव्हा एका मोठ्या वाचकाचे वाचन म्हणून समोर येते.

प्रतीकाचा अर्थ कोशात शोधण्यापूर्वी त्याच्या शेजाऱ्यांत शोधावा, इतकीच ह्या चर्चेची फलश्रुती. सेन्गाई ह्यांच्या वर्तुळाचा पहिला शेजारी आकाश नव्हे आणि आपही नव्हे. तो त्याच्या कडेला टेकलेला, थोडा वाकडा, शाईने काढलेला त्रिकोण आहे.